आत्याच्या डब्यातील अठ्ठावन्न रुपये : नोंदणी आणि मूल्यमापनाच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, वेंगुर्ले

आत्याच्या पश्चात तिच्या देवघरातील पितळी डबा आज चारही भावंडांसमोर उघडण्यात आला. त्यात चांदीचे अठ्ठावन्न रुपये निघाले. थोरल्या अण्णांचा विचार असा होता की, सराफाकडून एकूण वजन करून घ्यावे आणि चार सारख्या वजनाचे वाटे करावेत. वाटणी सरळ व्हावी, कोणाच्या मनात किंतु राहू नये, हाच त्यांचा हेतू होता, आणि तो रास्तच आहे. मात्र वजनाने सारखे असलेले वाटे मोलाने सारखे असतीलच असे नाही, एवढेच मी त्यांना सांगितले आणि दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. प्रत्येक नाण्याची स्वतंत्र नोंद होईपर्यंत एकही नाणे मोडीत जाणार नाही, हे सर्वांनी मान्य केले.

घराण्यात हे सारे ‘राणीछाप रुपये’ म्हणून ओळखले जातात. वरवर पाहिले तरी त्यांत राणीबरोबर चार राजे दिसतात, एक नाणे पोर्तुगीज अमलातील गोव्याचे आहे आणि एक तर मुळात यंत्रावर पाडलेलेच नाही.

१२ नोव्हेंबर

शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि व्हर्निअर एवढ्या साधनांवर काम सुरू केले आहे. नाणे केवळ कडेवर धरायचे आणि खाली मऊ कापड ठेवायचे, हा नियम मदतीला बसलेल्या भाच्यांनाही घालून दिला.

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवण्यात आला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी बारा भागांपैकी अकरा. त्यानुसार एका कोऱ्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम भरते. १९४० पासूनच्या रुपयात मात्र चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले आणि उरलेला भाग तांबे, निकेल व जस्त यांनी भरला. या डब्यात अशी चार नाणी आहेत. काट्यावर ती जुन्या रुपयांना जवळपास तोडीस तोड उतरतात, परंतु प्रत्येकात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅमच आहे. म्हणजे नाणेसंग्राहकांचा विचार बाजूला ठेवून केवळ मोडीचा भाव धरला, तरी वजनावर केलेली वाटणी बरोबर आली नसती. हे अण्णांना दूरध्वनीवर सांगितले आणि त्यांना ते लगेच पटले.

ही चार नाणी कडेवरूनही ओळखता येतात. जुन्या रुपयाच्या कडेवर सरळ दाते असतात, तर या नाण्यांच्या दात्यांच्या मधोमध एक खोलगट पट्टी फिरलेली दिसते. नक्कल करणाऱ्यांना अडचण व्हावी म्हणून ती घातली गेली.

१६ नोव्हेंबर

आज गटवारी पूर्ण झाली. अंकुशी (अंकुशाची खूण असलेला) रुपया एक, चौथ्या विल्यमचे १८३५ चे दोन, व्हिक्टोरियाचे १८४० सालचे सात व १८६२ सालचे नऊ, ‘महाराणी’ऐवजी ‘सम्राज्ञी’ अशी पदवी असलेले तेरा, सातव्या एडवर्डचे आठ, पाचव्या जॉर्जचे बारा, सहाव्या जॉर्जचे निम्म्या चांदीचे चार, १९३९ सालचा म्हणून वेगळ्या पुडीत जपलेला एक आणि गोव्याचा एक.

ती वेगळी पुडी उघडताना घरातले सर्वजण भोवती जमले होते. १९३९ चा रुपया दुर्मिळ असतो, ही माहिती आता घरोघरी पोहोचली आहे. त्या नाण्याविषयी मी आज काहीही बोललो नाही, कारण अशा नाण्याला घाईने हो म्हणणे आणि घाईने नाही म्हणणे, दोन्ही वाईटच.

२० नोव्हेंबर

आजचा दिवस एकट्या अंकुशी रुपयाने घेतला. वजन ११.१८ ग्रॅम, व्यास जेमतेम २१ मिलिमीटर, जाडी कलदार रुपयाच्या मानाने बरीच अधिक. कल म्हणजे यंत्र, म्हणून यंत्रावर पाडलेला तो कलदार. हा रुपया हाताने पाडलेला आहे. खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवून वरचा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा, अशी ती रीत होती. ठशावरील मजकूर चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर त्यातला एखादा तुकडाच उतरत असे आणि उरलेला चकतीबाहेर जात असे. एकाच ठशातून, एकाच दिवशी, एकाच कारागिराच्या हातून निघालेल्या दोन रुपयांचे मोल आज वेगवेगळे असते, ते यामुळेच. टांकसाळीची खूण, सन आणि राज्यवर्ष यांपैकी जेवढे चकतीवर उतरले असेल, तेवढा संग्राहकाचा आदर वाढतो. पूर्ण मजकूर उमटावा म्हणून मुद्दाम रुंद चकतीवर पाडलेली नजराण्याची नाणी याच कारणाने इतकी मौल्यवान ठरतात.

आमच्या नाण्यावर अंकुश स्वच्छ उमटला आहे, त्याचा बाक आणि टोक दोन्ही शाबूत आहेत. फारसी अक्षरे मूळ वळण हरवून नुसत्या रेघांसारखी झालेली आहेत, जी या नाण्यांवर नेहमीच दिसतात. मात्र काठाशी फसली सनाचे, म्हणजे महसुलासाठीच्या वर्षगणनेचे, चारही आकडे वाचता येतात, आणि तो सन १२३९ आहे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन १८२९-३० येतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या हा ‘पेशव्यांचा रुपया’ म्हणून पुजला गेला, पण पेशवाई तर १८१८ मध्ये संपली होती. पुण्याची अंकुशी नाणी कंपनीने त्यानंतरही काही वर्षे चालू ठेवली, कारण लोकांना तोच रुपया ओळखीचा होता. ताईला हे ऐकून वाईट वाटले. तिला मी एवढेच सांगितले की, सनाचे चारही आकडे असलेला हा रुपया सन हरवलेल्या अंकुशी रुपयापेक्षा अधिक मोलाचा आहे, आणि आता त्याच्याविषयी आपण जे सांगू ते खरे असेल.

२३ नोव्हेंबर

विल्यमचे दोन्ही रुपये १८३५ सालचेच, परंतु एकाच्या मानेखाली ‘एफ’ हे अक्षर आहे आणि दुसऱ्याच्या मानेखाली ‘आर. एस.’ ही अक्षरे. पहिले कलकत्ता टांकसाळीच्या विल्यम नेर्न फोर्ब्ज यांचे आणि दुसरी रॉबर्ट सॉन्डर्स यांची. संग्राहक हे दोन स्वतंत्र प्रकार मानतात. दुर्दैवाने ‘आर. एस.’च्या रुपयाला कधीकाळी कडी लावली होती. कडी काढून टाकलेली आहे, पण वरच्या कडेवर डागाचा फुगवटा आणि त्याभोवती घासल्याच्या रेघा राहिल्या आहेत. माळेत किंवा हमेलीत ओवलेला रुपया अंगावर किती शोभला असेल याची मला कल्पना आहे, तरीही संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणे दुखावलेलेच धरले जाते.

सराफांच्या पारखीच्या खुणांचेही तसेच आहे. चांदी आतपर्यंत खरी आहे का, हे पाहण्यासाठी नाण्यावर छोटी चीर किंवा ठोका दिला जाई. १८३५ पूर्वी सराफ जुन्या आणि परमुलखातील रुपयांवर बट्टा लावत, आणि तो बट्टा नाण्याच्या सनावरही अवलंबून असे. जुन्या सनाच्या नाण्यावर बट्टा लागू नये म्हणूनच बंगालमध्ये मुघल बादशहा शहा आलमचे एकोणिसावे राज्यवर्ष रुपयावर गोठवून वर्षानुवर्षे तेच छापले गेले. एकसारखा रुपया आल्यावर सराफाचा सनावरचा बट्टा संपला. आजचा संग्राहक तोच सन पुन्हा भिंगाखाली धरतो, फरक एवढाच की आता सनामुळे मोल घटण्यापेक्षा वाढण्याचीच शक्यता अधिक असते.

२७ नोव्हेंबर

‘१८४०’ हा सन छापलेल्या सात रुपयांपैकी दोन नाण्यांवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे मस्तकावरून सलग गेली आहेत, तर पाच नाण्यांवर ती मस्तकाच्या दोन बाजूंना विभागली आहेत. विभागलेल्या अक्षरांचे नाणे १८५० च्या सुमारास सुरू झाले, तरी त्यावर सन १८४० चाच राहिला. ‘१८६२’ या सनाचेही तसेच. तो पुढील दशकभर ठशावर कायम राहिला आणि मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष मागील बाजूवर बारीक टिंबे वाढवून दर्शवले. गोठवलेल्या राज्यवर्षाचीच ही पुढची पायरी असावी, असे मला वाटते. म्हणून ‘सन १८६२’ एवढी नोंद करून भागत नाही, टिंबे मोजावी लागतात. आमच्या नऊंपैकी तीन नाण्यांवर ती स्पष्ट आहेत. बाकी सहांवर कडेजवळची झीज इतकी आहे की, टिंब आहे की नुसता उंचवटा, हे नाणे चारही अंगांनी उजेडात फिरवून पाहिले तरी ठरवता येत नाही. त्या सहांपुढे ‘टिंबे अवाचनीय’ असे लिहिले. अंदाजाने आकडा टाकणे मला योग्य वाटत नाही.

सलग अक्षरांच्या दोन रुपयांपैकी एकाचे वजन ११.३८ ग्रॅम भरले. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार प्रमाण वजनापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक हलका झालेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे, आणि ती मर्यादा ११.४३ ग्रॅम येते. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने हा हलका रुपया होता. तरीही त्याचा प्रकार स्वच्छ ओळखू येत असल्यामुळे तो निवडक गटात ठेवला आहे.

१ डिसेंबर

आज ज्या विषयावर लिहितो आहे, त्याची मला सर्वांत अधिक खंत आहे. सम्राज्ञीच्या तेरा रुपयांपैकी सात चकचकीत आहेत आणि घरातल्यांना तेच सर्वांत चांगले वाटतात. आत्या दर लक्ष्मीपूजनाला हे सात रुपये चिंचेने घासून, भांड्यांच्या पावडरीने चकाकवून तबकात मांडत असे. त्यात तिचा भाव होता आणि त्या भावाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. भिंगाखाली मात्र राणीच्या गालावर एकाच दिशेने गेलेल्या शेकडो बारीक रेघा दिसतात, वस्त्रावरची वेलबुट्टी सपाट झाली आहे, आणि अक्षरांच्या खोबणीत कुंकवाचा थर घट्ट बसला आहे.

नवे नाणे ठशाखाली दाबले जाते तेव्हा चांदी मध्यापासून कडेकडे वाहते आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. नाणे तिरपे फिरवले की जी झळाळी चक्रासारखी फिरताना दिसते, ती त्या रेषांची असते. ती एकदा घासून गेली की कोणत्याही पावडरीने परत येत नाही, कारण पावडर चमक आणते ती नवे ओरखडे पाडूनच. याउलट, हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर चढणारा निळसर-करडा थर अत्यंत पातळ असतो आणि खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा ठेवतो. डब्याच्या तळाशी, जुन्या पंचांगाच्या पानात गुंडाळलेले सम्राज्ञीचे तीन रुपये असेच काळवंडलेले निघाले. घरातल्या सर्वांनी ते नापसंत केले. मी त्यांना प्रत्येकी वेगळे पाकीट दिले, कारण मुकुटावरचे रत्न अन् रत्न आणि वस्त्रावरचा प्रत्येक टाका त्यांवर मोजता येतो. माझ्या मते सम्राज्ञीच्या सबंध गटात संग्राहक थांबेल तो याच तिघांपाशी. आत्याने हे तीन घासले असते, तर आज तेरा रुपयांचे तेरा वेगळे भाव करण्याची गरजच पडली नसती.

मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या दोन नाण्यांना हिरवट चिकट थर आला होता. तशा पिशव्यांतून कालांतराने घातक द्रव्ये सुटतात. ती दोन नाणी खिडकीजवळ, विस्तवापासून दूर, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवली आणि न पुसता नुसती वाळू दिली. याहून अधिक सफाई या प्रकल्पात होणार नाही.

५ डिसेंबर

पाचव्या जॉर्जच्या बारा रुपयांमध्ये १९११ चा एक आहे. राजाच्या झग्यावर जी साखळी कोरलेली आहे, तिच्यातील हत्तीची सोंड इतकी आखूड दिसली की लोकांना तो डुक्कर वाटला. विशेषतः मुसलमान समाजात नाराजी पसरली आणि सरकारने नाणी मागे घेतली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी सुमारे ७ लाखच बाहेर गेली होती, बाकीची वितळवण्यात आली. १९१२ च्या ठशात हत्तीची सोंड सुधारून घेतली गेली. सात लाख ही काही फार लहान संख्या नव्हे, आणि याहून कमी प्रमाणात मिळणारी नाणी अनेकदा याहून स्वस्तात जातात. या रुपयाला मागणी आहे ती त्याच्या हकिगतीमुळे. आमच्या नाण्यावर सन स्पष्ट आहे, पण नेमका तो हत्ती झिजून गव्हाच्या दाण्याएवढा गोळा झाला आहे, त्यामुळे ज्या गोष्टीसाठी हे नाणे घेतले जाते तीच त्यावर पाहायला मिळत नाही. ते निवडक गटात राहील, पण वरच्या जागी नाही.

दुसऱ्या टोकाला १९१८ ते १९२० चे नऊ रुपये आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातील बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानसाठी विकत घेतली. १९१८ या एकाच वर्षी मुंबई आणि कलकत्ता मिळून ४० कोटींहून अधिक रुपये पाडले गेले. मुंबईचे नाणे मागील बाजूस तळाशी कमळाखालच्या टिंबावरून ओळखू येते. आमच्या नऊंपैकी सहांवर ते टिंब आहे. या नऊ रुपयांची हकिगत १९११ च्या रुपयापेक्षा कितीतरी मोठी आहे, असे मी मनापासून मानतो. तरीही ते इतके मुबलक आहेत की, झिजलेल्या स्थितीत मोडीच्या भावापासून फार वर जात नाहीत.

१० डिसेंबर

धाकटी आतेबहीण न्यू जर्सीला असते. आपला वाटा जानेवारीत बरोबर न्यावा, असा तिचा विचार होता. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी ही पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आमच्या अठ्ठावन्नांपैकी त्रेपन्न नाणी त्यात मोडतात. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि वाटा भावाच्या लॉकरमध्ये ठेवण्याचे ठरवले. याच कायद्यामुळे परदेशातील लिलावातला भाव पाहून येथील नाण्याचा भाव लावता येत नाही, कारण हे नाणे त्या बाजारात कायदेशीरपणे पोहोचूच शकत नाही.

मधल्या वहिनींनी एका चित्रफितीवरून विचारले की, १८८५ चा रुपया लाखो रुपयांना जातो का. आमच्याकडे १८८५ चा एक आहे, आणि तो घासलेल्या सातांपैकी आहे. अशा जाहिरातींतून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले जाते, आणि या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. मी भावासाठी फक्त झालेल्या लिलावांतील अखेरची बोली पाहतो, आणि तीही त्याच प्रकारच्या, त्याच स्थितीच्या नाण्याची. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे.

१४ डिसेंबर

गोव्याचा ‘उमा रुपिया’ १८८१ चा, पोर्तुगालचा राजा लुईस पहिला याच्या मस्तकाचा. इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर हा रुपया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा केला गेला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील टांकसाळीत पाडला गेला. वेंगुर्ल्याच्या बाजारात तो इतर रुपयांत मिसळून गेला असल्यास नवल नाही. या नाण्याला तीन बाजूंनी गिऱ्हाईक आहे : गोव्याचे, पोर्तुगीज नाण्यांचे आणि हिंदुस्थानी रुपयांचे संग्राहक. स्थितीही समाधानकारक आहे.

१८ डिसेंबर

आज १९३९ चा रुपया घेतला. वजन ११.६१ ग्रॅम. लोहचुंबक त्याला ओढत नाही, आणि लाकडी पाटावर टाकला तर बंद्या रुपयासारखा खणखणीत वाजतो. कडेवरील दाते सर्वत्र सारखे आहेत, ओतीव नाण्यावर दिसतात तसे बुडबुड्यांचे खड्डे किंवा सांधा कुठेही नाही. इथपर्यंत प्रत्येक कसोटीवर नाणे खरे ठरले, आणि ते खरे आहेही.

नंतर भिंगाखाली सनाचे चार आकडे धरले. पहिले तीन आकडे पृष्ठभागातून सहज वर आलेले, बुडाशी गोलाई असलेले दिसतात. शेवटचा ९ मात्र डाव्या अंगाला खालच्या बाजूस अचानक कापल्यासारखा संपतो, आणि तेथे केसाहून बारीक, समांतर रेघांचा एक छोटा पट्टा दिसतो, ज्याचा करडा रंगही भोवतालापेक्षा उजळ आहे. उजेड अगदी आडवा टाकल्यावर खालच्या वर्तुळाचा उरलेला अर्धा भाग सावलीसारखा उमटला. हा ८ होता. कोणीतरी १९३८ च्या खऱ्या रुपयावरील शेवटच्या अंकाचा तुकडा कोरून काढून १९३९ केला आहे. काटा, आवाज, चुंबक, धातूची तपासणी यांपैकी कशानेही ही लबाडी पकडता आली नसती, कारण चांदी, वजन आणि ठसा सारे अस्सल आहेत.

अण्णांना संध्याकाळी भिंग देऊन ते स्वतः पाहायला लावले. ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मग त्यांनी सांगितले की वडिलांनी हा रुपया एका फिरत्या विक्रेत्याकडून बरेच पैसे मोजून घेतला होता.

४ जानेवारी २०२६

वाटणी आज पार पडली. अंकुशी एक, विल्यमचे दोन, सलग अक्षरांचे दोन, टिंबे वाचता येणारे १८६२ चे तीन, काळवंडलेले सम्राज्ञीचे तीन, १९११ व १९२२ चे एकेक आणि गोव्याचा एक, अशी चौदा निवडक नाणी ठरली. त्यांचे अंदाजे मोल लिहून चार गट पाडले, तफावत रोखीने भरून काढायची ठरली आणि गट चिठ्ठ्यांनी वाटले. उरलेल्या चव्वेचाळीसांतून प्रत्येकाच्या वाट्याला जुन्या कसाचे दहा आणि निम्म्या चांदीचा एक रुपया आला. अंकुशी रुपया ताईकडे गेला. पाकिटावर ‘पेशवे’ लिहू नये, ‘पुणे, फसली १२३९’ असेच लिहावे, असे तिनेच सांगितले.

प्रत्येक नाणे आम्लरहित कागदी पाकिटात ठेवले. पाकिटावर पेन्सिलीने प्रकार, वजन, टांकसाळ आणि दोष लिहिले, आणि नोंदवहीची एकेक प्रत चौघांना दिली. अंक बदललेला रुपया चिठ्ठीने अण्णांकडेच आला. त्याच्या पाकिटावर ‘१९३८, मुंबई, सनाचा अखेरचा अंक कोरून बदललेला’ असे लिहिले. पाकीट बदलले तरी माहिती हरवू नये, म्हणून त्या अंकाचे मोठे करून काढलेले छायाचित्र अण्णांनी आतल्या बाजूला स्वतःच्या हाताने चिकटवून घेतले.